तक्त्यावर ‘वेंट’ कुठे लिहायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती हल्ली बोलक्या असतात. जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे, टाकीवर पावसाचं चक्र, दाराशेजारी महाराष्ट्राचा नकाशा. आमच्या गावच्या शाळेत व्हरांड्यातली एक लांबोडकी भिंत तेवढी कोरी उरली होती. तिच्यावर इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं रंगवायची असं ठरलं. मजकूर द्यायला सर होतेच. हायस्कुलात इंग्रजी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आमच्या भागात नुसतं ‘सर’ म्हटलं तरी कुणाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. त्यांनी फुलस्केप कागदांवर यादी काढली आणि एकदा नजरेखालून घाल म्हणून आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे दिली. ती पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात संशोधन करते. यादी परत आली ती कात्रीनं कापलेल्या पट्ट्यांच्या रूपात.

पुढचं बोलणं सरांच्या ओसरीवर झालं. मीही त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे दोघांच्या मध्ये बसून चहा पिण्यापलीकडे मला फारसं काम नव्हतं. मधूनमधून तोंड घातलं आहे, तेवढं चालवून घ्यावं.

सर: अगं, चुका काढ म्हटलं होतं. तू तर यादीच्या चिंध्या केल्यास.

ती: चूक एकही नाही, सर. म्हणूनच कात्री लावायचं धाडस झालं. तुमची यादी ए-बी-सी-डीनं लागली आहे. अराइज, अवेक, बी, बेअर, बीट, बिकम, बिगिन. सगळे शेजारी, पण कुणाचं कुणाशी नातं नाही. मी त्याच पट्ट्या घराण्यांप्रमाणे लावून आणल्या आहेत. हे बघा, सिंग-सँग-संग. त्याच्याखाली रिंग, ड्रिंक, सिंक, स्विम, बिगिन. मग ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन, आणि राइड, राइज, राइट. मग ब्लो, ग्रो, नो, थ्रो. एक पाठ झालं की बाकीची मागोमाग येतात.

सर: येतात की! ब्रिंगही येतं मागोमाग. ब्रिंग-ब्रँग-ब्रंग. थिंक-थँक-थंक. आणि ब्लो-ब्ल्यू, ग्रो-ग्र्यू म्हणता म्हणता फ्लोचं फ्ल्यू होतं. मग फ्लायचं खरं फ्ल्यू मी कुठे नेऊन ठेवू?

ती: ब्रँग तर इंग्रजांची पोरंही म्हणतात.

सर: म्हणोत. त्यांचा मार्क जात नाही.

ती: पण सर, त्या चुकीत डोकं चालल्याचा पुरावा असतो. जीन बर्को नावाच्या बाईंनी 1958मध्ये लहान मुलांसमोर मुद्दाम बनवलेली क्रियापदं ठेवली. ‘ग्लिंग’ असा शब्द इंग्रजीत नाहीच. हा माणूस रोज ग्लिंग करतो, काल त्यानं काय केलं? मुलं बिनदिक्कत म्हणाली, ‘ग्लिंग्ड’. तेच मोठ्यांना विचारलं तर त्यांच्यातले कितीतरी जण ‘ग्लँग’ किंवा ‘ग्लंग’ म्हणाले. शब्द जन्मात ऐकलेला नाही, तरी सिंगच्या घरात नेऊन बसवला. म्हणजे ही घराणी माणसांच्या डोक्यात असतात, माझ्या कात्रीत नव्हे.

सर: इंग्रजी बोलणाऱ्या माणसांच्या डोक्यात. आधी सिंग, रिंग, ड्रिंक डोक्यात जातात, मग तिथे घराणं तयार होतं. तू रिकाम्या घरावर आधी पाटी लावतेस.

(इथे मला सरांची बाजू उचलून धरावीशी वाटली, पण तिनं पुढची पट्टी काढली होती.)

ती: बरं, तुमच्याच पुस्तकातलं घेऊ. रेन अँड मार्टिन.

सर: त्याला हात लावू नकोस. पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला माणूस. पुढे कादंबऱ्या लिहून जगभर गाजला, पण आपल्याकडे व्याकरणानंच अमर झाला.

ती: त्यात क्रियापदांचे ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ असे दोन भाग केले आहेत. तुम्ही फळ्यावर ‘सबल’ आणि ‘दुर्बल’ लिहायचात. ही नावं मूळची याकोब ग्रिमची, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याची. 1819पासून निघालेल्या त्याच्या जर्मन व्याकरणात ती आहेत. भूतकाळासाठी जो धातू पोटातला स्वर बदलून आपलं आपण भागवतो तो सबल. ज्याला शेवटी ‘-एड’चा टेकू लागतो तो दुर्बल.

सर: म्हणजे वॉक, टॉक, प्ले, आस्क. सगळं राज्य दुर्बलांचं.

ती: आज आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सबल धातू तीनशेच्या वर होते आणि सात वर्गांत शिस्तीनं बसलेले होते. तेव्हाच्या कुणाला ते अनियमित वाटायचं कारण नव्हतं. एक नियम स्वर बदलण्याचा, दुसरा प्रत्यय लावण्याचा. पहिल्या नियमाची सत्ता गेली आणि त्याची घराणी तेवढी मागे राहिली.

सर: संस्थानं खालसा झाली म्हण ना.

ती: काहींची. आता तुम्हाला एक विचारते, कारण तुम्ही संस्कृतही शिकवलंत. ‘वॉज’ आणि ‘वेअर’. एकवचनात शेवटी ‘ज’, अनेकवचनात ‘र’. का?

सर: का म्हणजे? आहे. पाठ करायचं.

ती: तुमच्या वेदांमुळे.

सरांनी चष्मा काढला. आमच्या वेळी वर्गात सरांनी चष्मा काढला की समजायचं, आता तास संपल्याची घंटा झाली तरी सुटका नाही.

ती: संस्कृतात भ्राता आणि पिता. दोन्हींत ‘त’. जर्मनमध्ये मात्र भावाला ‘ब्रूडर’, तिथे ‘ड’. बापाला ‘फाटर’, तिथे ‘ट’. एकाच ‘त’ची दोन रूपं कशी झाली? ग्रिमनं व्यंजनांच्या बदलांचे नियम बसवले होते, त्यात हे बसत नव्हतं. सगळे अपवाद म्हणून सोडून देत होते. कार्ल व्हर्नर नावाच्या डेन्मार्कच्या विद्वानानं 1877मध्ये छापलेल्या लेखात याचं उत्तर दिलं. त्यानं वैदिक स्वर पाहिले. भ्रातृ शब्दात उदात्त पहिल्या अक्षरावर आहे.

सर: आणि पितृमध्ये शेवटच्या. बरोबर. मग?

ती: उदात्त व्यंजनाच्या लगेच आधी असला तर एक परिणाम, दुसरीकडे असला तर दुसरा. जर्मानिक भाषांत तो आघात पुढे सरकून सगळीकडे पहिल्या अक्षरावर गेला आणि मूळचं कारण दिसेनासं झालं. वेद म्हणणाऱ्यांनी ते मुखोद्गत जपलं होतं म्हणून व्हर्नरला सापडलं. आता क्रियापदाकडे या. संस्कृतातला भूतकाळाचा लिट् लकार.

सर: चकार, चक्रतुः, चक्रुः.

ती: उदात्त कुठे?

सर: एकवचनात धातूवर... आणि बहुवचनात प्रत्ययावर. (थोडं थांबून.) म्हणजे एकवचनात ‘स’ शाबूत राहिला आणि बहुवचनात त्याचा ‘र’ झाला?

ती: मध्ये ‘झ’सारख्या आवाजाची एक पायरी आहे, पण तेच. वॉज, वेअर. आणि गंमत अशी की हा भेद पूर्वी बहुतेक सबल धातूंत होता. ‘मी गायलो’ला ‘साङ्ग’, ‘आम्ही गायलो’ला ‘सुङ्गोन’.

सर: ददर्श, ददृशुः! एकवचनात गुण, बहुवचनात नाही. अगं, हे तर तेच आहे.

ती: तेच आहे. पुढे इंग्रजीनं एकवचन-अनेकवचनाचा हा भेद पुसून टाकला. सगळ्यांना मिळून ‘सँग’ राहिलं. तिसऱ्या रूपात ‘उ’ होताच, त्याचं आजचं ‘संग’. भूतकाळात एकाला एक आणि अनेकांना दुसरं असं रूप आता एकट्या ‘बी’कडे उरलं आहे.

सर: आणि ‘बी’ तरी एक कुठे आहे? अस्मि-ॲम, अस्ति-इज. भू धातूचं ‘बी’. ‘वॉज’ कुठलं?

ती: वस्. वसति, राहतो, त्याच धातूचं. तीन धातू एका घरात नांदतात.

सर: मग तुझ्या घराण्यांत याला कुठे बसवणार?

ती: त्याला वेगळं बसवायचं. आणि ‘वेंट’ला मात्र हलवायचं. तुम्ही ‘गो’च्या रांगेत लिहिलं आहे. खरं तर ते सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट यांच्या पंगतीतलं. ‘वेंड’ असं क्रियापद होतं, वाट धरणं, वळणं अशा अर्थाचं. त्याचा भूतकाळ ‘वेंट’. ‘गो’ला स्वतःचं जुनं भूतकाळी रूप होतं, ते मागे पडलं आणि त्यानं वेंडचं उचललं.

सर: उसनवारी.

ती: आपणही तेच केलं आहे. ‘जातो’ हे ‘या’ धातूचं, ‘गेला’ हे गम् धातूच्या ‘गत’वरून आलेलं. मराठी मुलाला जातो-गेला कुणी तक्त्यावरून शिकवत नाही. करतो-केला, मरतो-मेला, येतो-आला, होतो-झाला, सांगतो-सांगितलं. तीन-चार वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं. आपण हसतो. पुढे त्याचं ‘केलं’ होतं. कुठलंही व्याकरणाचं पुस्तक न उघडता.

सर: तू मला फार आनंद दिलास. व्हर्नरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण हे मला सांगितलंस ते सांगितलंस, भिंतीला नको सांगू. सहावीच्या पोराला लिट् लकार ठाऊक नाही. त्याला उद्याच्या चाचणीत ‘टेक’चा भूतकाळ लिहायचा आहे.

मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर सर आपली यादी मागे घेतील. पण मास्तर आनंदित होणं आणि मास्तरांचं मत बदलणं यात फार अंतर असतं. खरा वाद यापुढे सुरू झाला, आणि तोही तिनंच आणलेल्या दाखल्यावरून.

ती: मग आकड्यांत बोलू. 2007मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्डमधल्या काही संशोधकांचा एक लेख आला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली, आज 98. बाकीच्यांना ‘-एड’ लागला. हेल्पचं पूर्वी ‘होल्प’ होतं, क्लाइंबचं ‘क्लोम’सारखं काहीतरी. गेली ती रूपं. कोण गेलं आणि कोण टिकलं? जे कमी बोलण्यात आलं ते गेलं. त्यांनी हिशेबच मांडला: शंभर पट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहा पट वेगानं नियमित होतं. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घ्या. बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. दहाच्या दहा अनियमित.

सर: म्हणजे रोजच्या तोंडातली वाकडी राहिली आणि सणासुदीची सरळ झाली.

ती: हो! आणि हे सगळं माझ्या बाजूचं आहे, सर. अनियमित रूप टिकतं ते पाठांतरानं नाही, वापरानं. वापर थांबला की बोलणारा आठवायला जातो, आठवत नाही, मग ‘-एड’ लावून मोकळा होतो. म्हणून मुलांना रूपं नका देऊ, वाक्यं द्या, गोष्टी द्या.

सर: आता माझं ऐक. तू म्हणतेस, हजारदा कानावर पडलं की रूप टिकतं. मान्य. मराठीत पोरानं तीनदा ‘करलं’ म्हटलं तर आजी चौथ्यांदा ‘केलं’ म्हणते. ती शिकवत नसते, बोलत असते. दिवसभर बोलत असते. आता माझ्या वर्गातल्या पोराला ‘टुक’ हा शब्द दिवसातून किती वेळा ऐकू येतो? त्याच्या घरी कोण म्हणतं ‘टुक’? शेतावर? एसटीत? 2000 सालापासून सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, पूर्वी पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, पण कान तेच राहिले. तुझ्या त्या नेचरवाल्यांच्या हिशेबानं माझ्या गावात इंग्रजीची सगळीच क्रियापदं शंभर पट कमी वापरातली आहेत. मग ती सगळी ‘-एड’ घेणार. टेक्ड, गोड, कमड. घेतातच! तक्ता म्हणजे काय ते तुला अजून कळलं नाही. घरात जे हजारदा कानावर पडत नाही ते शाळेत पाडायची सोय म्हणजे तक्ता. टेक-टुक-टेकन, टेक-टुक-टेकन. रोज प्रार्थनेनंतर पन्नास पोरं एका सुरात. त्यात अर्थ नाही, कबूल. त्यात कान आहे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मीही. पाठांतराच्या नावानं बोटं मोडणं सोपं असतं. इंग्रजी माध्यमातली, घरात पुस्तकं आणि वाहिन्या असणारी मुलं ‘वेंट’ कुठून शिकतात हे त्यांना स्वतःला सांगता येत नाही, म्हणून त्यांना पाठांतर हास्यास्पद वाटतं. ज्यांच्या कानावर भाषा फुकट पडते त्यांनी इतरांच्या घोकंपट्टीला हसू नये असं माझं मत आहे.

या भांडणाची एक थोरली आवृत्ती विद्वानांत फार गाजली आहे. 1986मध्ये रुमेलहार्ट आणि मॅकक्लेलंड यांनी संगणकावर एक जाळं बनवलं. त्याला एकही नियम दिला नव्हता, नुसत्या जोड्या दाखवल्या: वॉक-वॉक्ट, सिंग-सँग. जाळं स्वतःच नमुने पकडायला लागलं आणि मुलांसारख्या चुकाही करायला लागलं. दोन वर्षांनी स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स त्यांच्यावर तुटून पडले. त्यांचं म्हणणं, नियमित क्रियापदाला डोक्यात खरोखरचा नियम असतो आणि अनियमित रूपं शब्दांसारखी स्मरणात साठवलेली असतात. पिंकरनं पुढे 1999मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे रेग्युलरला नियम आणि इररेग्युलरला पाठांतर हा सरांचा बाणा केंब्रिज-मॅसॅच्युसेट्समध्येही कुणीतरी लढवत होतं. मी हे सांगितल्यावर सर एवढंच म्हणाले, “कळव त्यांना, तक्ता पाठवतो.”

ती: कानाचा मुद्दा मला पटतो. पण कान रिकामे आहेत हे नाही पटत. सर, तुमच्या पोराच्या हातातल्या खेळण्यावर काय लिहिलेलं असतं? ‘मेड इन चायना’. मेक-मेड-मेड, झालं. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डवर ‘कॉट’. कॅच-कॉट-कॉट. ‘रन आउट’मधलं रन हे तिसरं रूप आहे. मॅच संपली की ‘वन बाय फाइव्ह विकेट्स’. दुकानात ‘फ्रोझन मटार’. सिनेमाच्या तिकीट खिडकीवर ‘सोल्ड आउट’. मोबाइलवर ‘सेंट’ आणि ‘सीन’. काम झालं की ही पोरं काय म्हणतात? ‘डन!’ एखादा पार बिघडलेला असला तर?

सर: ‘गॉन केस’.

ती: हिडन कॅमेरा. रिटन टेस्ट. ट्रॅफिकमध्ये स्टक. ब्रोकन फॅमिली. तिसरी रूपं मराठीत येऊन राहिली आहेत, त्यांना कुणी ओळखत नाही एवढंच. तुमचा तक्ता व्ही-वनपासून सुरू होतो, पोराला मात्र व्ही-थ्री आधीच ठाऊक असतं. फ्रीझ नाही माहीत, फ्रोझन माहीत आहे.

सर: ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ राहिलं तुझं. पेपरात रोज येतं. मी दर वेळी लाल पेननं ‘ड्रंकन ड्रायव्हिंग’ करतो.

ती: त्यानं काय होतं?

सर: माझा रक्तदाब उतरतो.

हा मुद्दा मला तिच्या सगळ्या बोलण्यातला सर्वांत कामाचा वाटला. व्हर्नर सुंदर आहे, पण ‘फ्रोझन मटार’ वर्गात चालण्यासारखा आहे. सरांनीही कागदाच्या मागे ते शब्द टिपून घेतले. टिपताना बडबडत होते, “फाउंड लिहू नको, लॉस्ट अँड फाउंडमधलं. शाळेच्या कोनशिलेवर ‘फाउंडेड’ असतं, पोरांचा घोळ होतो.”

ती: आणि सर, तक्त्यानं एक होत नाही. तुम्ही पेपर तपासलेत. ‘आय डिड नॉट वेंट’ किती वेळा वाचलंत?

सर: नको विचारू. ‘डिड नॉट वेंट’, ‘हॅज वेंट’, ‘कॅन केम’. गो-वेंट-गॉन झोपेत विचारलं तरी सांगतील, वाक्यात घातलं की ‘डिड’च्या पाठीवर ‘वेंट’.

ती: कारण तक्ता रूप देतो, जागा देत नाही. भूतकाळ ‘डिड’नं एकदा उचलला की पुढच्यानं परत उचलायचा नाही, हे तीन उभ्या रकान्यांत कुठेच दिसत नाही.

सर: दिसत नाही. मग रकाने बदलू? पहिल्या रकान्याच्या डोक्यावर ‘डिड, डिडन्ट, कॅन, विल’ लिही. दुसऱ्याच्या डोक्यावर ‘यस्टर्डे’. तिसऱ्याच्या डोक्यावर ‘हॅज, हॅव, हॅड’. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री ही नावंच काढून टाकतो. पोरानं वरून खाली नाही, डोक्यावरून आडवं वाचायचं. डिड नॉट गो. यस्टर्डे वेंट. हॅज गॉन.

ती: (पट्ट्या खाली ठेवत) हे मला सुचलं नव्हतं.

सर: सुचणार नाही. तू पेपर तपासले नाहीस.

मग वाटाघाटी झाल्या. भिंतीवर साठ क्रियापदं मावणार होती. पहिली आठ-दहा, म्हणजे बी, हॅव, डू, गो यांच्यासारखी, कुठल्याही घराण्यात न बसवता सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत. ती रोज लागतात आणि त्यांना कुणी नातेवाईक नाही. ‘वेंट’ ‘गो’शेजारीच राहिलं. तिनं ‘सेंट’च्या पंगतीसाठी बराच आग्रह धरला, पण शेवटी म्हणाली, उसनं आणलेलं असलं तरी वापरणाऱ्याच्याच घरी शोधणार लोक. खाली घराणी. सिंगवाल्यांच्या शेवटी ब्रिंग आणि थिंक लाल रंगात, फुली मारून, आणि बाण काढून ‘बाय-बॉट’, ‘टीच-टॉट’ यांच्याकडे पाठवलेले. ही सूचना सरांची. एबीसीडी गेली.

काही वगळावी लागली. ‘स्ले’, ‘स्मायट’, ‘स्ट्राइव्ह’ गेली. ‘फोरसेक’साठी सर हळहळले. ‘हँग’ ठेवायचं की नाही यावर पुन्हा जुंपली. ती म्हणाली, एकच ‘हंग’ पुरे. सर म्हणाले, चित्र ‘हंग’ असतं, माणूस ‘हँग्ड’. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फाशीच्या शिक्षेसाठी ‘हँग्ड’च लिहिलं होतं, कायद्यानं नेमून दिलेलं रूप मी वगळणार नाही. तिनं विचारलं, शाळेच्या भिंतीवर फाशी कशाला? तेव्हा ते वगळलं.

ती: एक सांगायचं राहिलं, सर. वाहतूक एकाच दिशेनं नाही. सगळीच सरळ होत चालली आहेत असं नाही. 1611च्या इंग्रजी बायबलात ‘डिग’चं ‘डिग्ड’ आहे, आज आपण ‘डग’ म्हणतो. सरळ होतं ते वाकडं झालं. अमेरिकेत ‘स्नीक’चं ‘स्नक’ झालं, तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. आणि ‘कॅच’ तर नॉर्मन फ्रेंचांबरोबर आलेलं पाहुणं. त्याला ‘कॉट’ व्हायचं काही कारण नव्हतं, इथल्यांचं बघून झालं.

सर: सोयरिकीनं. चांगलं आहे. आता शेवटचे राहिले. कट, पुट, हिट, सेट, लेट, शट, हर्ट, कॉस्ट.

ती: ‘लेट’ सोडलं तर हे खरं तर सबल नाहीत. यांना टेकू होता. ‘ट’ला पुढचा प्रत्यय लागायचा, मग शेवटचा स्वर गळाला आणि दोन ‘ट’ एकमेकांत विरघळले. कीप-केप्ट, फील-फेल्टसारखेच मुळात प्रत्ययवाले, झिजलेले.

सर: पोरांना हेच सर्वांत आवडतात. कट-कट-कट म्हणायला लागले की वर्ग हसतो. बाहेरून हेडमास्तर डोकावतात, कसली कटकट म्हणून.

ती: मग यांचं एकेकदाच लिहू आणि पुढे बाण काढू. पेंटर अक्षरावर पैसे घेतो. आठ क्रियापदांची सोळा रूपं वाचतील.

सर: अजिबात नाही. तीनदा लिहायचं.

ती: सर, तोच शब्द?

सर: तोच शब्द. रिकामी जागा दिसली की पाचवीचं पोर खडूनं तिथे ‘कटेड’ लिहून ठेवील, आणि सहावीचं ते बघून पाठ करील.